झडपद्वारी कोळी

जमिनीत बीळ खोदून त्याच्या तोंडावर माती व रेशीम यांची, बिजागरीवर उघडमीट होणारी झडप बसविणाऱ्या कोळ्यांना हे नाव दिले जाते. ॲरॅक्निडा वर्गाच्या (⟶ अष्टपाद वर्ग) ॲरॅनी गणातील मायगॅलोमॉर्फी या उपगणात त्यांचा समावेश होतो. हे नाव एकाच कुलाचे नाही. इडिऑपिडी, हॅलोनोप्रॉक्टिडी, टेनिझिडी, मायगिडी, बॅरिकेलिडी इ. कुलांतील अनेक वंशांमध्ये झडप बांधण्याची सवय आढळते. उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांत हे कोळी सर्वत्र विखुरलेले आहेत. भारतात सह्याद्री, पूर्व घाट, दख्खनचे पठार, ईशान्येकडील डोंगराळ भाग अशा निरनिराळ्या प्रदेशांतून त्यांची नोंद झाली आहे.

या कोळ्यांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची स्थानबद्धता होय. मादी ज्या बिळात वाढते त्याच बिळात बहुधा आयुष्य काढते, आणि तिची पिल्ले तेथून थोड्याच अंतरावर आपली बिळे खोदतात. यामुळे एका डोंगररांगेतील जाती शेजारच्या रांगेत आढळेलच असे नसते. नव्या जाती अजूनही सापडत राहण्याचे हे एक कारण आहे. एखादी जाती वर्णन होण्यापूर्वीच नष्ट होण्याचा धोकाही याच कारणाने उद्‌भवतो.

शरीररचना : या कोळ्यांच्या शरीराची लांबी सामान्यतः १ ते ४ सेंमी. असते. शरीर दणकट, पाय आखूड व जाड, रंग काळसर, तपकिरी किंवा तांबूस असतो. इतर कोळ्यांप्रमाणे यांच्याही शरीराचे शिरोवक्ष व उदर असे दोन भाग असतात. शिरोवक्षावरील कठीण पृष्ठवर्म बहुधा गुळगुळीत व चकचकीत असते. त्यावर पुढील बाजूस आठ डोळे असतात. मात्र शिकार हेरण्यासाठी हे प्राणी दृष्टीपेक्षा कंपनांवर अधिक विसंबून असतात. पायांवरील सूक्ष्म संवेदी रोम व भेगांसारखी संवेदी अंगे यांच्या साहाय्याने जमिनीतील व रेशमातील बारीक कंप त्यांना कळतो.

तोंडापुढील नखरिकांची जोडी मोठी व बळकट असते. घरात व बागेत जाळी विणणाऱ्या नेहमीच्या कोळ्यांचे विषदंत चिमट्याच्या दोन पात्यांप्रमाणे समोरासमोर येतात. झडपद्वारी कोळ्यांचे विषदंत एकमेकांना समांतर असून ते कुदळीच्या घावासारखे वरून खाली आदळतात. श्वसनासाठी पुस्तक-फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, तर बहुतेक जाळी विणणाऱ्या कोळ्यांत एकच जोडी असते. या लक्षणांवरून मायगॅलोमॉर्फी हा उपगण प्राचीन ठेवणीचा मानला जातो. फ्रान्समधील व्होज प्रदेशात मिळालेला रोझामायगॅली हा या उपगणातील सर्वांत जुन्या ज्ञात जीवाश्मांपैकी एक असून तो ट्रायासिक कालखंडातील, सु. २४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

बहुतेक झडपद्वारी कोळ्यांच्या नखरिकांच्या टोकाजवळ जाड, आखूड काट्यांची रांग किंवा पुंजका असतो. त्यास रॅस्टेलम, म्हणजे लहान दंताळे, असे म्हणतात. या दंताळ्याने कोळी माती उकरतो, तिचे लहान गोळे करतो व ते बिळाबाहेर टाकतो. मादीच्या पुढील पायांवर व पादमृशांवर दोन्ही बाजूंस आखूड काट्यांच्या दाट ओळी असतात. त्यांचा उपयोग बिळाच्या भिंतीला रोवून राहण्यासाठी होतो.

बीळ व झडप : बीळ साधारणपणे १० ते ३० सेंमी. खोल, नळीसारखे असते. काही जातींचे बीळ सरळ, काहींचे वाकडे, तर काहींच्या बिळाला आत आडवी शाखा असते. भिंती लाळमिश्रित मातीने लिंपलेल्या व रेशमाने मढविलेल्या असतात. त्यामुळे भिंती ढासळत नाहीत, पावसाळ्यात बिळात पाणी सहजासहजी शिरत नाही व उन्हाळ्यात आतील ओलावा टिकतो.

झडप रेशीम व माती यांच्या एकावर एक दिलेल्या थरांची असते. लहान पिल्लू आपल्या अंगाच्या मापाची चिमुकली झडप करते. पुढे अंग वाढले, की ते बिळाचे तोंड रुंद करते व झडपेच्या कडेला नवा थर जोडते. जुन्या झडपेवर वाढीची अशी वर्तुळे कधीकधी ओळखू येतात. झडपेची एक कडा रेशमाच्या पट्टीने बिळाच्या काठाशी जोडलेली असते; हीच बिजागरी होय. उतरत्या दरडीवरील बिळांत बिजागरी बहुधा वरच्या बाजूस असते, त्यामुळे झडप स्वतःच्या वजनाने मिटते.

झडपेचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात ती जाड, बुचासारखी व कडेने उतरती असून बिळाच्या तोंडात घट्ट बसते. दुसऱ्या प्रकारात ती पातळ, पापडासारखी व लवचिक असून बिळाच्या काठावर नुसती टेकते. हे दोन प्रकार जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज या इंग्रज निसर्गाभ्यासकांनी स्पष्ट केले. प्रकृतीच्या कारणाने दक्षिण फ्रान्समधील मांताँ येथे राहत असता त्यांनी या कोळ्यांचे बारकाईने निरीक्षण केले व १८७३ मध्ये धान्य साठविणाऱ्या मुंग्या आणि झडपद्वारी कोळी यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मायगिडी कुलातील मॉग्रिजिया या वंशाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

झडपेची बाहेरची बाजू भोवतालच्या जमिनीसारखी दिसते. कोळी तिच्यावर माती, शेवाळ, वाळलेली पाने किंवा काड्यांचे तुकडे रेशमाने चिकटवितो. मिटलेली झडप ओळखण्याची खूण म्हणजे जमिनीवर दिसणारी बारीक, अर्धचंद्राकृती रेघ एवढीच. आतील बाजू मात्र पांढऱ्या रेशमाची, तलम कापडासारखी असते. कोणी झडप उचलू लागल्यास मादी विषदंत व पाय आतील रेशमात रोवून ती खाली ओढून धरते.

सर्वच जाती जमिनीत राहत नाहीत. कोनोथेली वंशातील कोळी ओल्या दरडींवर, शेवाळलेल्या खडकांच्या सांध्यांत किंवा झाडांच्या खोडांवर आखूड, पिशवीसारखे घरटे करतात. दक्षिण भारत व श्रीलंकेत आढळणारा सेसन वंशातील कोळी सालीच्या खाचेत दोन टोकांना दोन झडपा असलेले घरटे बांधतो. सायक्लोकॉस्मिया या वंशात, जो चीन, आग्नेय आशिया व उत्तर अमेरिकेत आढळतो, उदराचा मागील भाग तिरप्या कापलेल्या खोडासारखा सपाट व कठीण असतो. संकटसमयी हा कोळी डोके खाली करून बिळात शिरतो व उदराच्या कठीण चकतीनेच बीळ बंद करतो.

अन्न व शत्रू : हे कोळी निशाचर आहेत. अंधार पडल्यावर मादी झडप किंचित उचलून पुढील पाय बाहेर काढून बसते. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, नाकतोडे, झुरळे यांसारखा प्राणी टप्प्यात येताच ती झडप घालते, शिकार पकडते व क्षणात आत ओढते. या वेळी मागील पाय बहुतेक बिळाच्या काठाला धरूनच असतात. काही जाती बिळाच्या तोंडापासून रेशमाचे धागे किंवा काड्या पसरून ठेवतात. त्यांना एखाद्या कीटकाचा धक्का लागला, की त्याचा कंप बिळात पोहोचतो व शिकारीचे क्षेत्र काही सेंटिमीटरांनी वाढते.

झडपद्वारी कोळ्यांच्या शत्रूंमध्ये पाँपिलिडी कुलातील गांधीलमाश्या प्रमुख आहेत. अशी माशी झडप शोधून आत शिरते, कोळ्याला नांगी मारून बधिर करते व त्याच्यावर अंडे घालते. अंड्यातून बाहेर येणारा डिंभ बधिर झालेल्या कोळ्यावर पोसला जातो. यांखेरीज गोमा, विंचू, काही पक्षी, परजीवी माश्या व कोळ्यांवर वाढणारे कवक हेही त्यांचा नाश करतात. महाराष्ट्रात आढळणाऱ्या झडपद्वारी कोळ्यांपासून माणसाला धोका नाही. ऑस्ट्रेलियातील ॲट्रॅक्स वंशाचा घातक विषारी कोळी याच उपगणातील असला, तरी तो वेगळ्या कुलातील आहे व झडप बांधत नाही.

जीवनचक्र : नर व मादी दोघेही लहानपणी बिळातच वाढतात. प्रौढ होण्यास साधारणतः काही वर्षे लागतात. शेवटची कात टाकल्यावर नराचे रूप पालटते. त्याचे पाय लांब व सडपातळ होतात, पादमृशांच्या टोकांशी शुक्राणू वाहून नेणारी नाशपातीच्या आकाराची इंद्रिये तयार होतात व पुष्कळ वंशांत पायांच्या पहिल्या जोडीवर आकड्यासारखे काटे येतात. मीलनाच्या वेळी मादीला आवरून धरण्यासाठी या काट्यांचा उपयोग होतो. प्रौढ नर आपले बीळ कायमचे सोडतो व पावसाळी, दमट हवेत माद्यांच्या शोधात हिंडतो. त्यानंतर तो फार काळ जगत नाही.

मादी अंडी रेशमाच्या कोशात घालून ती बिळाच्या आतील भागात जपते. पिल्ले बाहेर आल्यावर काही महिने आईच्या बिळातच राहतात. पुढे जमीन ओली व मऊ असताना ती एकेक करून निघतात व चालत जाऊन जवळपास आपापली बिळे खोदतात. अनेक जाळी विणणाऱ्या कोळ्यांची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर दूर जातात. झडपद्वारी कोळ्यांपैकी थोड्याच वंशांत ही सवय आढळते. परिणामी एका दरडीवर आईच्या मोठ्या झडपेभोवती लहानमोठ्या झडपांचा समूह दिसतो. ही एक प्रकारची वसाहत असली, तरी प्रत्येक कोळी एकटाच राहतो.

मादी प्रौढ झाल्यावरही कात टाकते व दीर्घकाळ जगते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ मध्ये एका लहान राखीव क्षेत्रातील गायस व्हिलोसस या जातीच्या बिळांना क्रमांक देऊन त्यांची नियमित पाहणी सुरू केली. त्यांपैकी १६ क्रमांकाच्या बिळातील मादी ४३ वर्षे जगल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. ज्ञात कोळ्यांमध्ये हे सर्वांत दीर्घ आयुष्य ठरले. २०१६ मध्ये तिची झडप भेदलेली आढळली. गांधीलमाशीमुळे तिचा अंत झाला असावा असे अभ्यासकांचे अनुमान आहे. एवढ्या काळात तिने बीळ बदलले नव्हते. दीर्घायुष्याचा एक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे : पिल्ले जगण्याचे थांबले, तरी वृद्ध माद्यांच्या झडपा वर्षानुवर्षे दिसत राहतात आणि त्यामुळे ऱ्हास पावत असलेली वसाहत निरीक्षकाला सुस्थितीत असल्याचा भास होतो.

वर्गीकरण व प्रसार : पूर्वी बहुतेक झडपद्वारी कोळी टेनिझिडी या एकाच कुलात घालीत असत. १९८५ मध्ये रॉबर्ट रेव्हन यांनी मायगॅलोमॉर्फी उपगणाची पुनर्रचना केली व इडिऑपिडी यास स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. २०१८ मध्ये जनुकीय पुराव्यांच्या आधारे कोनोथेली व त्याच्या आप्तवंशांसाठी हॅलोनोप्रॉक्टिडी हे कुल मान्य करण्यात आले. इडिऑपिडी कुलात चारशेहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. या कुलाची सहज दिसणारी खूण म्हणजे डोळ्यांची मांडणी होय : पुढील डोळ्यांपैकी एक जोडी इतरांपासून वेगळी, पृष्ठवर्माच्या अगदी पुढच्या कडेजवळ असते. या कुलातील इडिऑप्स हा वंश दक्षिण अमेरिका, आफ्रिका व दक्षिण आशिया येथे आढळतो. न चालता न उडता एवढा विस्तार झाला, याचे स्पष्टीकरण हे भूखंड पूर्वी गोंडवनभूमीचे भाग होते या वस्तुस्थितीत शोधतात.

मात्र प्रत्येक वेळी हे स्पष्टीकरण लागू पडत नाही. मॉग्रिजिया हा वंश मुख्यतः आफ्रिकेतील असून त्याची एक जाती ऑस्ट्रेलियाजवळील कांगारू बेटावर आढळते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जाती आफ्रिकेतील आप्तांपासून २० लाख ते १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अलग झाली. हा काळ भूखंड विलग झाल्यानंतरचा आहे. म्हणजे तिचे पूर्वज वाहून जाणाऱ्या माती-झाडोऱ्याबरोबर हिंदी महासागर ओलांडून गेले असले पाहिजेत. असे प्रसंग विरळ होत. सामान्यतः नदीचे खोरे, कोरडे पठार किंवा जंगलातील खंड एवढेही या कोळ्यांच्या दोन समूहांना लाखो वर्षे अलग ठेवण्यास पुरेसे ठरतात, आणि अशा अलगीकरणातून नव्या जाती उत्पन्न होतात.

नव्या जातीचे वर्णन : एखादा झडपद्वारी कोळी आतापर्यंत अज्ञात असलेल्या जातीचा आहे, हे केवळ त्याच्या रंगरूपावरून ठरविता येत नाही. एकाच वंशातील माद्या बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. म्हणून वर्णनाची पद्धत काटेकोर असते. प्रथम बिळाचे स्थान, समुद्रसपाटीपासून उंची, मातीचा व उताराचा प्रकार, झडपेची मापे व बिळाची खोली यांची नोंद करतात. नंतर बीळ बाजूने खोदून कोळी बाहेर काढतात व मद्यार्कात जतन करतात. जनुकीय परीक्षेसाठी पायाचा एखादा भाग वेगळा ठेवतात.

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठवर्म, उदर, पादमृश व प्रत्येक पायाचा प्रत्येक खंड मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. डोळ्यांची मांडणी व त्यांमधील अंतरे, नखरिकांवरील दात, दंताळ्यातील काट्यांची संख्या, ओठावरील व जंभांवरील सूक्ष्म दंतुरे, उरोपट्टावरील खुणा व पायांवरील काटे यांचे वर्णन करतात. हेलिग्मोमेरस वंशात पायांच्या तिसऱ्या जोडीच्या जंघाखंडावर मुळाशी खोलगट भाग असतो, तो इडिऑप्समध्ये नसतो. कोनोथेलीमध्ये हाच भाग खोगिरासारखा दिसतो. अशा लक्षणांवरून वंश निश्चित होतो. जाती ठरविण्यासाठी मात्र मादीच्या शुक्रग्राहिकांचा आकार व नराच्या पादमृशावरील इंद्रियाची ठेवण ही लक्षणे निर्णायक असतात. शुक्रग्राहिका पाहण्यासाठी उदराचा तो भाग कापून, भोवतालच्या मऊ ऊती क्षाराने विरघळवून स्वच्छ करावा लागतो.

येथे एक अडचण नेहमी येते. मादी बिळात सापडते. नर मात्र पावसाळ्याच्या थोड्या दिवसांत, बिळापासून दूर, भटकताना हाती लागतो. दोघांची रूपे इतकी भिन्न असतात, की ते एकाच जातीचे आहेत हे सिद्ध करणे कठीण जाते. पुष्कळ जुन्या जाती यामुळे केवळ नरावरून किंवा केवळ मादीवरून ज्ञात आहेत. जनुकीय क्रमांची तुलना करून अलीकडे अशा जोड्या लावता येऊ लागल्या आहेत.

यानंतर नमुन्याची तुलना पूर्वी वर्णन केलेल्या जातींच्या मूळ नमुन्यांशी करतात. वर्णनाचा आधार म्हणून निवडलेला एकच नमुना जातीच्या नावाचा कायमचा वाहक ठरतो. त्यास होलोटाइप म्हणतात. त्याच वेळी अभ्यासलेल्या इतर नमुन्यांना पॅराटाइप अशी संज्ञा आहे. हे नमुने सार्वजनिक संग्रहालयात ठेवतात, म्हणजे पुढील अभ्यासकांस ते तपासता येतात. भारतात भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था व मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचे संग्रह या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे वंशाचे व जातीचे मिळून द्विपदी नाव देऊन वर्णन प्रसिद्ध केले, म्हणजे जाती विज्ञानाला ज्ञात झाली असे मानतात. नाव बहुधा स्थान, एखादे ठळक लक्षण किंवा व्यक्ती यांवरून दिले जाते. ज्या ठिकाणी होलोटाइप मिळाला, त्यास जातीचे मूलस्थान म्हणतात. स्थानबद्ध प्राण्यांच्या बाबतीत मूलस्थानाची अचूक नोंद शरीरवर्णनाइतकीच मोलाची असते.

भारतातील अभ्यास : भारतीय झडपद्वारी कोळ्यांचा पहिला व्यवस्थित आढावा रेजिनल्ड इनिस पोकॉक यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारताच्या प्राणिजातविषयक ग्रंथमालेतील अष्टपादांवरील खंडात घेतला. त्यांनी ॲकँथोडॉन वंशात घातलेल्या अनेक जाती आता इडिऑप्स वंशात मोडतात. त्यानंतर फ्रेडरिक हेन्री ग्रेव्हली यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्यूझीयममध्ये असताना काही जातींचे वर्णन केले. चिल्का सरोवरातील बारकुडा बेटावरून नाव दिलेली इडिऑप्स बारकुडेन्सिस ही जाती (१९२१) त्यांपैकी होय. स्वातंत्र्योत्तर काळात बिनॉय कृष्ण टिकादार यांनी भारतीय कोळ्यांवर विपुल लेखन केले. १९७७ मध्ये त्यांनी मद्रास व गारो टेकड्या यांवरून नावे दिलेल्या दोन जातींचे वर्णन केले.

एकविसाव्या शतकात या अभ्यासाला नवी गती मिळाली. मंजू सिलीवाल, संजय मोलूर व बी. के. बिस्वास यांनी २००५ मध्ये इडिऑप्स बॉम्बेयेन्सिस ही मुंबईच्या जुन्या नावावरून ओळखली जाणारी जाती नोंदविली. २०१३ मध्ये कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा या महाराष्ट्र-गोव्यानजीकच्या डोंगराळ तालुक्यावरून इडिऑप्स जोयडा हे नाव देण्यात आले. राजेश सानप व झीशान मिर्झा यांनी २०१२ मध्ये इडिऑप्स रुब्रोलिंबेटस व २०१५ मध्ये हेलिग्मोमेरस मॅक्झिमस या जातींचे वर्णन केले. बॅरिकेलिडी कुलातील टिजिडिया वंशात सह्याद्री (२०११) व कोकण (२०१६) यांवरून नावे दिलेल्या जातींची भर पडली. ही नावे पाहता त्यांतील पुष्कळशी स्थलवाचक आहेत हे लक्षात येते. प्राणी व भूमी यांचा अतूट संबंध त्यांतून व्यक्त होतो.

शिराळा परिसर : नव्या जातींचा शोध घेताना भूप्रदेशाचे लहान लहान भाग करून पाहणी का करावी लागते, हे सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या उदाहरणावरून समजते. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेले शिराळा हे मोरणा नदीकाठचे गाव आहे. मोरणा वारणेला मिळते, आणि वारणेच्या खोऱ्याने पश्चिमेकडे जाऊ लागले असता कोकरूड, चरण, आरळा, मणदूर या गावांवरून चांदोलीच्या वनाकडे पोहोचता येते. एवढ्या थोड्या अंतरात पर्जन्यमान, माती व वनस्पती यांत मोठा फरक पडतो. पूर्वेस ऊस व भाताची शेते, त्यांचे मातीचे बांध व कोरडी माळराने आहेत. मध्ये बेसाल्टी डोंगरांचे गवताळ उतार व गुढे-पाचगणीसारखी पठारे आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याजवळ अतिवृष्टीच्या प्रदेशातील सदाहरित व निमसदाहरित जंगल आणि जांभ्याचे कडे आहेत.

झडपद्वारी कोळ्याच्या दृष्टीने ही तीन भिन्न जगे होत. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली ओली दरड, गवताळ उताराची घट्ट माती व शेताचा बांध यांवरील बिळांची खोली, झडपेची जाडी व नरांच्या भ्रमंतीचा काळ सारखा असण्याचे कारण नाही. म्हणून पाहणी करणाऱ्याने खोऱ्याच्या प्रत्येक टप्प्यावर, दोन्ही काठांवर व निरनिराळ्या उंचींवर स्वतंत्र नोंदी घ्याव्या लागतात. पावसाळ्याच्या आरंभी नर हिंडू लागतात, तर पावसाळा सरताना ओल्या दरडीवरील झडपा ओळखणे सोपे जाते. एका दरडीवरील सर्व कोळी न खोदता एखाद-दुसराच नमुना घेणे व बाकीच्या बिळांची केवळ नोंद ठेवणे इष्ट असते.

जुन्या नमुन्यांवरील स्थळनोंदी वाचताना प्रशासकीय सीमांचा इतिहासही ध्यानात घ्यावा लागतो. १९४९ पर्यंत शिराळ्याचा भाग सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा त्यापूर्वीच्या चिठ्ठीवर केवळ ‘सातारा’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो नमुना महाबळेश्वरच्या पायथ्याचा की वारणेच्या काठचा, हे त्यावरून कळू शकत नाही. दूरवर हिंडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ही उणीव क्षम्य ठरेल. एका दरडीवर आयुष्य काढणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तिच्यामुळे नमुन्याचे मोल पुष्कळच घटते.

संरक्षण : चांदोली येथे १९८५ मध्ये अभयारण्य स्थापन झाले व २००४ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. २०१० पासून ते कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट असून २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याची गणना होते. वाघ, गवा, अस्वल यांसाठी राखलेल्या या वनात जमिनीतील लहान प्राण्यांनाही आपोआप आश्रय मिळतो. तथापि झडपद्वारी कोळ्यांना अनुकूल अशा दरडी, बांध, देवरायांचे उतार व ओढ्यांचे काठ यांपैकी फार मोठा भाग संरक्षित क्षेत्राच्या बाहेर आहे.

रस्ते रुंद करण्यासाठी दरडी कापणे, यंत्रांनी बांध मोडून शेते सपाट करणे, दरवर्षी गवताला लावले जाणारे वणवे व पठारांवरील खाणकाम यांमुळे अशा जागा नष्ट होतात. मोठा प्राणी दुसरीकडे निघून जातो. झडपद्वारी कोळ्याची प्रौढ मादी तसे करू शकत नाही. तिच्याकडे नवे मोठे बीळ नव्याने खोदण्याची क्षमता मर्यादित असते व उघड्यावर ती शत्रूंना बळी पडते. वसाहत एकदा मोडली, की नव्या पिल्लांना प्रौढ होण्यास वर्षे लागतात आणि बाहेरून कोळी येऊन ती जागा भरून काढण्याचा संभवही कमी असतो. याउलट, रस्त्याकडेची जुनी दरड किंवा शेताचा न मोडलेला बांध एवढ्या लहान जागेतही अनेक पिढ्यांची वसाहत टिकू शकते. त्यामुळे यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक वेळी विस्तीर्ण क्षेत्र राखावे लागते असे नाही. योग्य जागा माहीत असणे व ती न उकरणे पुष्कळदा पुरेसे होते.

संरक्षणासाठी जातीला नाव असणे का आवश्यक आहे, याचे बोलके उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियात मिळते. तेथील इडिओसोमा नायग्रम हा इडिऑपिडी कुलातील कोळी धोक्यात आलेली जाती म्हणून कायद्याने संरक्षित होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनर्विलोकनात त्याच्या निकटच्या समूहात पूर्वी वेगळ्या न ओळखलेल्या अनेक जाती असल्याचे दिसून आले. त्यांतील काहींचे क्षेत्र फारच लहान होते. एकाच नावाखाली गणल्या गेल्यामुळे त्यांची खरी स्थिती तोपर्यंत झाकली गेली होती. कायदा, वनखात्याचा आराखडा किंवा रस्त्याच्या कामाचा पर्यावरणीय अहवाल यांत निनावी प्राण्याची नोंद होऊ शकत नाही. वर्णन, नाव, मूलस्थान व संग्रहालयातील नमुना या चार गोष्टी सिद्ध झाल्या, म्हणजेच त्या प्राण्याच्या वतीने काही मागणी करता येते. झडपद्वारी कोळ्यांच्या नव्या जातींचे वर्णन ही त्यामुळे केवळ सूचीत भर घालणारी गोष्ट नसून, त्यांच्या रक्षणाची ती पहिली पायरी आहे.